आधी तोंडाने, मग खडूने

इथे आखातात, शुवैखच्या त्या गोदामात दळवीने फळ्यावरची ताडपत्री ओढून काढली आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तो आमचा फळा होता. मुंबईतल्या आमच्या वसतिगृहाच्या ओसरीवरचा वार्ताफलक, सागवानी, दोन माणसांनी हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढा रुंद. टाइल्सच्या खोक्यांना टेकवून ठेवलेला. आणि त्याच्या काळ्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने कुणीतरी गिरवलं होतं: ‘आजच्या बातम्या, सन १९१२. कोकणात आंब्याला मोहोर. सर्व विद्यार्थी एकाच पंगतीत जेवले. सोलकढी तयार आहे.’

ऑइलपेंट! जो फळा रोज संध्याकाळी पुसायचा, त्यावर ऑइलपेंट!

“कसा वाटला?” दळवी म्हणाला. “वसतिगृह पाडलं ना, टॉवर होतोय तिथे. सामान विकायला काढलं तेव्हा मी हा उचलला. हॉटेलच्या फर्निचरबरोबर कंटेनरमध्ये टाकला. एंट्रीलाच लावतोय. अर्धाच झालाय बघ, पेंटर मल्याळी आहे, त्याला मराठी जमेना. उरलेलं तू लिही. तुझं अक्षर होस्टेलात काय होतं, आहाहा!”

शुक्रवारी त्याच्या हॉटेलाचं उद्घाटन. त्यासाठी आम्हा दोघा जुन्या होस्टेलकरांना त्याने बोलावलं होतं, मला आणि दाऊदला. दाऊदचं एसीच्या कॉम्प्रेसरचं दुकान तिथून चार गल्ल्यांवर. मला खैतानच्या घरून दाऊदनेच गाडीतून आणलं. मी यायला तयार नव्हतो. दळवीचं नाव काढलं की माझं पित्त खवळतं, हे दाऊदला ठाऊक आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी त्या फळ्यावर दळवीने दाऊदचं जे केलं, त्याबद्दल दळवीने आजवर एक शब्द उच्चारला नव्हता. ईदला भेटला, गणपतीला भेटला, मिठ्या मारल्या, फोटो काढले. शब्द नाही.

“चल रे,” दाऊद गाडीत म्हणाला होता. “फळा समोर असेल. आज तरी त्याला आठवेल. आज तरी तो काही बोलेल.”

एवढ्यासाठी आला होता तो. साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात, दुकान टाकून आला होता.

आता फळ्याजवळ जाऊन दाऊदने रंग न लागलेल्या भागावर तळवा ठेवला. बाहेर धुळीचं वादळ होतं, गोदामाच्या पत्र्यावर वाळू चरचरत होती, आणि आत नव्या प्लायवुडचा आणि थिनरचा वास नाकात झोंबत होता. त्या फळ्याला हा वास कधीच नव्हता. त्याला खडूचा वास होता, ओल्या फडक्याचा वास होता, आणि ज्या दिवशी बोट लागायची त्या दिवशी सुक्या मासळीचा वास होता.

बोट लागायची म्हणजे काय, हे आता कुणाला सांगावं लागतं याचाही मला राग येतो. कोकणातली बोट पहाटे भाऊच्या धक्क्याला लागायची. आमच्यातल्या एकाची पाळी असायची, त्याला आम्ही बोटकरी म्हणायचो. बोटकरी अंधारातच उठून धक्क्यावर जायचा आणि उतरणाऱ्या गर्दीत घुसून गावांची नावं घेऊन ओरडायचा, “हर्णैचं कोण? केळशी! केळशीचं कुणी आहे का? दाभोळ! जयगड!” डोक्यावर फणस, काखेत पोर, हातात आमसुलांची पिशवी अशी माणसं चालता चालता उत्तरं फेकायची. विहीर आटली. पोस्टमन बदलला. परशाच्या म्हशीला रेडकू झालं. अमक्याच्या मुलीचं जमलं. बोटकऱ्याने ते सगळं डोक्यात साठवून, बसचे पैसे वाचवत, चालत वसतिगृहावर यायचं आणि आंघोळीच्या आधी फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर लिहून काढायचं. परत येताना कुणाच्या तरी घरून आलेली सोड्यांची पुडी त्याच्या खिशात असायची, म्हणून त्या सकाळी फळ्यालाही वास यायचा.

उजव्या अर्ध्यावर विद्यापीठ. अर्ज कधी भरायचे, कुठला तास होणार नाही, कोणाचा कोट हरवला, ग्रंथालयात कोणता पेपर आलाय, खानावळीत आज मुळ्याची भाजी आहे, सावध राहा. डावीकडे गाव, उजवीकडे विद्यापीठ, मध्ये एक उभी रेघ. पावसाळ्यात बोटी बंद. मग डावीकडे फक्त ‘बोट बंद’ एवढंच लिहिलेलं असायचं आणि तो अर्धा फळा चार महिने काळाठिक्कर. दात घासताना सगळे त्याच रिकाम्या बाजूकडे बघत उभे राहायचे. मी पण राहायचो.

फळ्याचा मालक असा कुणी नव्हता, पण राखणदार होते, भाटेकाका. ऐंशी उलटलेले. जिन्याखालच्या खोलीत राहायचे. विद्यार्थी म्हणून आले ते गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, पहिलं महायुद्ध चालू असताना. पुढे तिथेच ग्रंथपाल झाले, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. संध्याकाळी ते ओसरीवर बसायचे, तपकिरीची डबी उघडायचे आणि सुरू व्हायचे.

त्यांच्या तोंडून मी ते जुनं विद्यापीठ इतकं ऐकलंय की कधी कधी वाटतं मीच तिथे होतो. घासलेटच्या दिव्याखाली एका पुस्तकात चार डोकी. कॉलेजात टोपी आणि कोट घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, म्हणून एकाच कोटावर तिघांचे तास, एक परत येईपर्यंत दुसरा बनियनवर ओसरीत ताटकळत. मे महिन्यात उकाड्याने गच्चीवर गाद्या, आणि पहाटे ट्रामची पहिली घंटा. प्लेगच्या दिवसांत फळ्यावर एवढंच: ‘दुसऱ्या जिन्याखाली उंदीर पडला.’ तेवढं वाचून सगळ्यांनी वळकट्या बांधायच्या आणि मैदानातल्या झोपड्यांत राहायला जायचं. वाचून कुणी ओरडायचं नाही, म्हणायचे काका, फक्त वळकट्यांच्या दोऱ्यांचा आवाज यायचा.

निकालाचा दिवस ते फार रंगवून सांगायचे. विद्यापीठाच्या आवारात कारकून भिंतीवर कागद चिकटवायचा. आमच्या वसतिगृहाचा एक पळणारा नेमलेला असायचा, ज्याची स्मरणशक्ती दांडगी तो. कागदावरचे आपल्या मुलांचे नंबर पाठ करून तो धावत सुटायचा, धोतर खोचून, तोंडाने नंबर पुटपुटत. ओसरीत आला की आधी सगळी नावं तोंडाने घ्यायचा. मग फळ्यावर लिहायची, पण फक्त पास झालेल्यांची. नापासाचं नाव फळ्यावर कधीच नाही. त्याला कुणीतरी खांद्यावर हात ठेवून चौपाटीवर फिरायला न्यायचा. इकडे आचारी शिरा ढवळायचा, आणि तुपाचा वास वरच्या मजल्यापर्यंत जायचा.

आणि हो, पंगत. दळवीच्या पेंटरने रंगवलेली ती पंगत! काका स्वच्छ सांगायचे, “सोवळ्यातले आत बसायचे. आम्ही बाकीचे बाहेरच्या खोलीत. मुसलमान मुलं मागच्या पडवीत, आणि आपली ताटं त्यांनीच घासायची. होतं असं. आता लाज वाटते, पण होतं. कुणी गोड करून सांगायला लागला तर त्याच्या तोंडावर सांगा, भाट्याने डोळ्यांनी बघितलंय.” ते असं सांगत तेव्हा दाऊद माझ्या शेजारी बसलेला असायचा. आमच्या वेळेला पंगत एक झाली होती, पण पडवी तशीच होती. तिथे आम्ही सायकली ठेवायचो.

पण दरवर्षी नव्या मुलांना समोर बसवून काका जी गोष्ट सांगायचे ती वेगळी. त्यांच्या खोलीतला एक मुलगा, विश्वनाथ. बोटीने बातमी आली की त्याची आई गेली. बोटकऱ्याने बाकीच्या बातम्यांबरोबर तीही लिहिली. विश्वनाथ आंघोळ करून पंचा गुंडाळून आला, फळा वाचायला लागला. ओसरी भरलेली. सगळे आधीच वाचून बसलेले. त्याने वाचलं, मागे वळला, तर सगळे त्याच्याकडे बघत होते. तो वर गेला, ट्रंक भरली, निघून गेला. परीक्षेला बसला नाही. पुढे कुणाला दिसला नाही.

त्या दिवसापासून वसतिगृहाचा नियम झाला. मरणाची बातमी आधी तोंडाने, मग खडूने. ज्याने आणली त्यानेच सांगायची. त्या मुलाच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवायचा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन सांगायचं, आणि तो मुलगा स्वतः काही बोलेपर्यंत हात काढायचा नाही, हलायचं नाही. तास बुडो, परीक्षा बुडो. त्यानंतरच फळा.

“पाठ झालं?” काका विचारायचे. “म्हणून दाखवा.” आम्ही म्हणून दाखवायचो. दळवीनेही म्हणून दाखवलं होतं, माझ्या पुढच्याच रांगेत बसून, खणखणीत आवाजात.

दाऊदचे अब्बा गेले तेव्हा फेब्रुवारी होता. बोटकरी दळवी होता. त्याला विद्यापीठाच्या स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम होती, उशीर होत होता, आणि एरवीही त्याला पहिलं असण्याची भारी हौस. दाऊद दूध आणायला गेला होता. त्याची वाट बघायची सोडून दळवीने खडू उचलला आणि डाव्या बाजूला, म्हशी आणि विहिरींच्या खाली, लिहून टाकलं. आणि गेला तालमीला. मी वरच्या मजल्यावरून उतरत होतो. दाऊद हातात दुधाची किटली घेऊन फळ्यासमोर उभा होता. ओसरी भरलेली होती आणि कुणीही, एकही माणूस, जागचा हलत नव्हता. किटली त्याने हळूच खाली ठेवली. एक थेंब सांडला नाही. मी जिना उतरून पोचेपर्यंत तो वर ट्रंक भरायला निघाला होता.

भाटेकाकांनी संध्याकाळी दळवीला बोलावलं. आत काय झालं माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून काकांनी ओसरीवर बसणं सोडलं. दाऊद महिन्याभराने परत आला, परीक्षेला बसला, पासही झाला. पण तीन वर्षं संपेपर्यंत तो मागच्या पडवीतल्या दाराने ये-जा करायचा. सायकली बाजूला सारून. ओसरीवरून कधीही नाही.

तर त्या फळ्यावर आता सोलकढी तयार आहे.

मी दळवीला काही बोलणार एवढ्यात त्याची मुलगी रिया मोबाइल सरसावून पुढे आली. हॉटेलच्या पानावर टाकायला तिला व्हिडिओ हवा होता. पोर गोड आहे, तिचा काय दोष. इथेच जन्मली, इथेच वाढली.

“अंकल, सो दिस वॉज लाइक युअर व्हॉट्सअॅप ग्रूप?” तिने विचारलं.

“करेक्ट!” दळवी मध्येच म्हणाला. फळ्यावर थाप मारली त्याने. “अगं, बातमी आली की दोन मिनिटांत सगळ्यांना कळायची. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी मयत. आणि काय सांगू तुला, एखाद्याच्या घरी कुणी गेलं ना, तर अख्खं होस्टेल त्याच्या पाठीशी उभं राहायचं. एकच कुटुंब. एकच पंगत. काय रे दाऊद? सांग ना तिला, तुझं पण कुणीतरी गेलं होतं ना तेव्हा? मीच तर लिहिली होती बातमी.”

मीच तर लिहिली होती! अभिमानाने म्हणाला हो. माझे कान गरम झाले. मी म्हटलं, “दळव्या, लाज नाही वाटत तुला? काडीची लाज?”

“अरे, काय झालं?” तो खरंच गोंधळला. तेच तर. नाटक केलं असतं तर मी समजू शकलो असतो. त्याला काहीच नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस तोंड चुकवतोय, आतून खजील आहे, धीर होत नाहीये. छट्! विसरला होता. आपण दाऊदचं काय केलं ते विसरून, तोच प्रसंग गोडगोड करून मुलीला ऐकवत होता.

“तू गप्प बस,” दाऊद मला म्हणाला. मग त्याच्याकडे वळला. “दळव्या, मला ते अजून कोणी सांगितलं नाय.”

“काय सांगितलं नाही?”

“माझे अब्बा गेले ते.”

दळवी हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. “म्हणजे?”

“मी वाचलं. घरी पोचलो तर मातीसुद्धा होऊन गेलेली. आई मला बघून रडायला लागली, बहिणी रडायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, ह्याला माहीत आहे, म्हणून तर आला. मला कोणी सांगितलंच नाय. चाळीस वर्षं झाली. मी असा दुकानात बसलेलो असतो ना, तर मधेच वाटतं की कोणीतरी यायचं आहे, काहीतरी सांगायचं आहे.” दाऊदचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नाही, आणि त्याचाही मला राग येतो. “बातमी तुझ्याकडे आली होती. तुझं काम होतं ते. तू सांग.”

“आता?”

“आता.”

“अरे, पण इथे...”

“इथेच. फळा पण आहे.”

रियाने मोबाइल आपणहून खाली केला. दळवीला बायकामाणसांसारखा पदर नव्हता म्हणून, नाहीतर पदरानेच तोंड पुसलं असतं असा त्याचा चेहरा झाला. तो पुढे आला. दाऊदच्या उजव्या बाजूला उभा राहिला. मी म्हटलं, “डावीकडे.” तो डावीकडे गेला. खांद्यावर हात ठेवला. घड्याळाचा सोन्याचा पट्टा दाऊदच्या घामट शर्टावर चमकला.

“दाऊद,” तो म्हणाला. घसा खाकरला. “दाऊद, तुझे वडील...”

थांबला.

“नाव काय रे त्यांचं?”

शप्पथ सांगतो, मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. ते नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. चार बोटं उंच अक्षरांत लिहिलं होतं, अख्ख्या वसतिगृहाने वाचलं होतं, मला त्यातला काना कुठे वाकडा आला होता तेसुद्धा आठवतं. पण दाऊदने मला डोळ्यांनीच अडवलं.

“हसन,” तो म्हणाला. “हसनमियाँ.”

“दाऊद, तुझे अब्बा, हसनमियाँ... गेले.”

दाऊद फळ्याकडे बघत नव्हता, दळवीकडे बघत नव्हता, समोर उघड्या दरवाजातून धुरकट उन्हात एक फोर्कलिफ्ट मागे-मागे येत होती तिकडे बघत होता. दळवीच्या खिशातला फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्याचा दुसरा हात खिशाकडे गेला, आणि खांद्यावरचा सैल पडू लागला.

“हलायचं नाही,” मी म्हटलं. “तो बोलेपर्यंत हलायचं नाही. म्हणून दाखवलं होतंस तू.”

हात तिथेच राहिला. फोन वाजत राहिला. दाऊदचे ओठ हलले, आणि कुणी गेल्याचं कळलं की म्हणतात ते ‘इन्ना लिल्लाहि’ त्याच्या तोंडून इतक्या हळू निघालं की मलाही अर्धंच ऐकू आलं. मग त्याने दळवीकडे मान वळवली. वीस वर्षांचं पोर बघतं तसं बघितलं, आणि विचारलं,

“कधी?”

दळवीला ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक होतं, वारसुद्धा ठाऊक होता, पण मी सांगितलं नाही.